कडबा संपण्यापूर्वी : अवर्षणकाळी वैरणीची तजवीज

पाऊस हुकला की शेतकऱ्याला पहिली चिंता धान्याची व पाण्याची लागते. वैरणीची टंचाई मात्र सावकाश येते. गंजीतील पेंढ्या एकेक करून कमी होतात, आणि गंजीचा तळ दिसू लागतो तेव्हा चैत्र-वैशाखाचे ऊन पेटलेले असते. त्या वेळी कडब्याचे दर कडाडतात, जनावरांचे दर कोसळतात आणि घरची बैलजोडी मिळेल त्या किमतीला बाजारात न्यावी लागते. पुढे मृगाचा पाऊस पडतो. पण पेरणीच्या वेळी दावण रिकामी असते. अवर्षणाचे खरे नुकसान असे एका वर्षाने लांबते.

माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोले या पर्जन्यछायेच्या टापूत हा अनुभव पिढ्यान् पिढ्यांचा आहे. येथील सरासरी पाऊस 500 मि. मी. च्या आसपास असून तोही बेभरवशाचा. तरीही नामांकित खिल्लार जनावरांची पैदास याच टापूत झाली, कारण येथील शेतकरी वैरण जपून वापरीत आला. सन 2012-13 व 2018-19 च्या दुष्काळांत या भागात शासनाला व सेवाभावी संस्थांना चारा छावण्या चालवाव्या लागल्या. छावणीने हजारो जनावरे वाचतात. परंतु छावणी हा शेवटचा आधार होय. पहिला आधार आपल्या गंजीत, बांधावर आणि पिकांच्या टाकाऊ अवशेषांत असतो. तो वेळेवर हाती घेतला तर कसा उपयोगी पडतो, ते येथे सांगावयाचे आहे.

प्रथम हिशेब

रब्बी ज्वारीचा कडबा माघ-फाल्गुनात हाती येतो. परतीचा पाऊस न झाल्यास तो येणार नाही, हे कार्तिकातच स्पष्ट होते. म्हणून नोव्हेंबरच्या आरंभी हिशेब करावा. गंजीतील दहा पेंढ्या तोलून सरासरी वजन काढावे व एकूण पेंढ्यांनी गुणावे. पेंढीचे वजन गावोगाव निराळे असते. म्हणून ते अंदाजाने धरू नये.

सुमारे 400 किलो वजनाच्या जनावराला रोज साधारणपणे 8 किलो कोरडी वैरण लागते. एक बैलजोडी, एक गाय व एक वासरू असलेल्या घराचे उदाहरण घेऊ. तीन मोठ्या जनावरांना 24 किलो व वासराला 4 किलो, म्हणजे रोज 28 किलो वैरण हवी. 1 नोव्हेंबरपासून जूनअखेरपर्यंतचे दिवस सुमारे 240. म्हणून एकूण गरज 6,720 किलोची.

आता समजा, तेवढी वैरण गंजीत आहे. पण अख्खा कडबा दावणीत टाकण्याची चाल आहे. जनावर पाला व वरची कोवळी बाजू खाते, बुडखे टाकून देते आणि बराच भाग पायदळी जातो. असा चौथा हिस्सा जरी वाया गेला, तरी 1,680 किलो कडबा उकिरड्यावर जातो. तो याच जनावरांना 60 दिवस पुरला असता. त्यामुळे जूनअखेरपर्यंत पुरावयाची गंजी एप्रिलअखेरच संपते. बैल ज्या दोन महिन्यांत विकावा लागतो, त्या दोन महिन्यांची वैरण आपण सुगीच्या दिवसांत तुडविलेली असते.

यावर साधा उपाय कुट्टीचा. कडब्याचे 2 ते 3 सें. मी. लांबीचे तुकडे करून गव्हाणीत घातल्यास बुडख्यांसह बहुतेक वैरण खाल्ली जाते. कुट्टी एकदम न घालता दिवसातून तीन-चार वेळा थोडी थोडी घालावी. ज्यांना यंत्र घेणे परवडत नाही, अशा पाच-सहा घरांनी मिळून एक यंत्र घ्यावे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी या कामी पुढाकार घ्यावा.

निकृष्ट वैरणीचा कस वाढविणे

ज्वारीचा कडबा, बाजरीचे सरमड, गव्हाचे काड व भाताचा पेंढा यांत प्रथिने फार थोडी असतात. त्यावर युरियाची प्रक्रिया केल्यास कठीण तंतू सैल होतात, प्रथिनांचे प्रमाण सुमारे दुप्पट होते आणि जनावर वैरण आवडीने खाते.

कृती अशी : 100 किलो कुट्टीसाठी 4 किलो युरिया 50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवावा. प्लॅस्टिकच्या कागदावर कुट्टीचा वीतभर थर पसरून त्यावर हे पाणी झारीने सारखे शिंपडावे व थर पायाने दाबावा. असे थरावर थर रचावेत. शेवटी ढीग प्लॅस्टिकने झाकून कडा मातीने लिंपाव्यात, म्हणजे आतील वायू बाहेर जाणार नाही. 21 दिवसांनी ढीग एका बाजूने उघडावा. रोज लागेल तेवढीच वैरण काढून ती तासभर हवेशीर पसरावी व उग्र वास गेल्यावर घालावी. पहिल्या दिवशी किलोभर देऊन आठवडाभरात प्रमाण वाढवावे.

येथे दक्षता अत्यावश्यक आहे. युरियाचे पाणी ठेवलेले भांडे जनावरांच्या वाटेत राहू देऊ नये. ते प्यायल्यास जनावर दगावते. सहा महिन्यांच्या आतील वासरांना, घोड्यांना व गाढवांना ही वैरण घालू नये.

बांधावरील व शिवारातील वैरण

नुसत्या वाळल्या वैरणीवर महिनोन् महिने ठेवलेल्या जनावरांना ‘अ’ जीवनसत्त्वाची उणीव भासते. त्यांना रात्री दिसेनासे होते आणि गाभण गाईंची वासरे दुबळी निपजतात. रोज थोडा हिरवा पाला मिळाला तरी हे टळते. अंजन, हादगा, शेवरी, सुबाभूळ, आपटा, वड, उंबर यांचा पाला या कामी येतो. झाड बोडके करू नये; शेंड्याकडील निदान तिसरा हिस्सा राखावा, म्हणजे पुढील वर्षीही पाला मिळेल. सुबाभळीच्या पाल्यात अपायकारक द्रव्य असते. म्हणून तो एकूण वैरणीच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक नसावा. बाभळीच्या वाळलेल्या शेंगा गोळा करून कुटून द्याव्यात. भुईमुगाचा पाला व तूर-हरभऱ्याचे भुसकट यांत कडब्यापेक्षा प्रथिने अधिक असतात. ते जाळू नये वा फेकू नये.

ऊसपट्टा जवळ असल्यास गळिताच्या हंगामात वाढे मिळतात. त्यांतील ऑक्झॅलेटमुळे जनावराच्या शरीरातील चुन्याचा अंश कमी होतो. म्हणून केवळ वाढ्यांवर जनावर ठेवू नये. वाढ्यांची कुट्टी करून तीवर चुन्याची निवळी शिंपडावी, इतर वैरणीत मिसळावी व सोबत रोज 50 ग्रॅम क्षारमिश्रण द्यावे. वाढे स्वस्त असतील तेव्हा त्यांचा मुरघास करून ठेवणे शहाणपणाचे.

करपलेल्या ज्वारीचा धोका

पाण्याअभावी खुरटलेली ज्वारी पाहून जनावरे तीत सोडण्याचा मोह होतो. हा मोह आवरावा. फुलोऱ्यावर न आलेल्या, करपलेल्या ज्वारीत, आणि विशेषतः एखादी सर पडल्यावर आलेल्या कोवळ्या फुटव्यात, सायनाइडचे विष तयार होते. जनावर धापा टाकते, थरथरते व थोड्याच वेळात कोसळते. असे पीक कापून कडक उन्हात पूर्ण वाळवावे व नंतरच थोडे थोडे घालावे. विषबाधेची शंका येताच पशुवैद्यकास बोलवावे. भुकेलेले जनावर एरवी न शिवलेली घाणेरी, बेशरम अशी विषारी झुडपेही खाते. म्हणून उपाशीपोटी जनावरे माळावर सोडू नयेत. आधी मूठभर कडबा तोंडाला लावावा.

गायरानाची राखण

टंचाई असेल तेव्हा गावाने गायरानाचे चार भाग पाडून आळीपाळीने चराई करावी. पहिल्या पावसानंतर हिरवळ दिसताच जनावरे सोडण्याची घाई होते. पण त्या वेळी गवताची मुळे दुबळी असतात व तुडवणीने गवत मरते. निदान महिनाभर तरी कुरण बंद ठेवावे. कुसळी गवत कुसळे धरण्यापूर्वी, फुलोऱ्यावर असतानाच कापून वाळवावे. उशिरा कापलेल्या गवतात कस राहत नाही आणि कुसळे तोंडाला टोचतात. पाऊसकाळ बरा असेल त्या वर्षी मोकळ्या भागात मारवेल व अंजन गवत लावावे.

वाटप कोणास किती

वैरण अपुरी पडणार असे दिसल्यास सर्वांना सारखी उपासमार घडवू नये. गाभण व दुभती जनावरे, लहान वासरे आणि पेरणीची बैलजोडी यांचा वाटा आधी राखावा. काम नसलेल्या दिवसांत बैलाची वैरण थोडी उतरवता येते. परंतु पेरणीच्या महिनाभर आधीपासून ती पुन्हा पूर्ववत् करावी. जी जादा जनावरे पोसणे शक्य नाही, त्यांचा निर्णय ती अंगाने भरलेली असतानाच घ्यावा; हाडे दिसू लागल्यावर बाजारात किंमत राहत नाही, आणि तोवर त्यांनी खाल्लेली वैरणही परत येत नाही.

कार्यकर्त्यांनी नोव्हेंबरात प्रत्येक वस्तीवर बसून घरोघरचा हा हिशेब मांडावा. ज्या घरची वैरण एप्रिलपूर्वी संपणार, त्यांची यादी तेव्हाच तयार असल्यास सोसायटीमार्फत कडबा वेळेवर आणता येईल आणि छावणीची मागणीही वेळेवर होईल. पाऊस आपल्या हाती नाही. पण गंजी मोजणे आपल्या हाती आहे. ज्याने ती कार्तिकात मोजली, त्याचे बैल मृगात तिफणीला जुंपलेले दिसतील.