आधी करंट शोधा, मग पार्ट बदला

बुलढाणा जिल्ह्यात आठवडी बाजार करणाऱ्या आम्हा कापडवाल्यांचा माल कित्येक वर्षे बजाजच्या स्कूटरवर फिरला. एक गठ्ठा पायाशी, दुसरा मागच्या सीटवर, आणि मोताळा असो, मेहकर असो की नांदुरा, सकाळी दुकान लागलेच पाहिजे. स्कूटर वाटेत बंद पडली तर खरे नुकसान दुरुस्तीच्या खर्चाचे नसते, बाजाराच्या दिवसाचे असते. तो दिवस पुन्हा आठवड्यानेच येतो.

चेतक १९७२ साली निघाली. पेट्रोलवरची गिअरवाली चेतक या शतकाच्या पहिल्या दशकात बनायची थांबली. २०२० पासून त्याच नावाने विजेवरची स्कूटर मिळते, तिला प्लगच नाही. पण जुन्या चेतक आणि सुपर अजून रस्त्यावर आहेत, आणि त्यांच्यावर हात बसलेले मिस्त्रीही आहेत. हा लेख दोघांसाठी आहे, गाडी चालवणाऱ्यांसाठी आणि दुरुस्त करणाऱ्यांसाठीही.

आमच्या पाहण्यात वारंवार येणारा प्रकार असा. स्कूटर सुरू होत नाही म्हणून गिऱ्हाईक येते. मिस्त्री प्लग बदलतो. नाही झाली, कंडेन्सर बदलतो. नाही झाली, कॉइल बदलतो. मग कार्ब्युरेटर उघडतो. संध्याकाळी गाडी सुरू होते, पण दोष कशात होता हे कोणालाच ठाऊक नसते. मालकाने चार पार्टचे पैसे मोजले, मिस्त्रीचा दिवस गेला, आणि वर गिऱ्हाइकाच्या मनात संशय की आपल्याला लुटले. ठाणात दोष निघाला तर आम्ही पूर्ण ठाण फेकत नाही, घड्या उलगडून दोष कोणत्या वारात आहे ते पाहतो. करंटचेही तसेच आहे. तो मॅग्नेटमध्ये तयार होतो, पॉइंट उघडताच कॉइलमध्ये वाढतो, तारेतून प्लगला पोहोचतो. वाटेत कुठे तुटला एवढेच शोधायचे आहे, आणि शोधताना प्लगकडून मॅग्नेटकडे जायचे, कारण मॅग्नेट उघडायला सर्वांत जास्त वेळ लागतो.

प्लग काढला की आधी त्याचे तोंड पाहावे. फिकट तपकिरी असेल तर इंजिनाची तब्येत ठीक. कोरडी काजळी असेल तर चोक अडकला आहे किंवा एअर फिल्टर भरला आहे. तेलकट काळा असेल तर टू-टी ऑइल जास्त पडते. चेतकला लिटरमागे साधारण २० मिली पुरते, पण हाताच्या अंदाजाने ओतणारे दुप्पट ओततात. पांढरा पडला असेल तर इंजिन तापते आहे, कुठून तरी फाजील हवा शिरते किंवा टायमिंग बिघडले आहे. कधी कधी प्लगच्या फटीत कोळशाचा बारीक कण अडकतो आणि प्लग शॉर्ट होतो. असा प्लग साफ केला, फट ०.६ मिमी ठेवली की काम भागते.

मग तोच प्लग कॅपमध्ये बसवून त्याची बॉडी इंजिनाच्या पात्यांना टेकवावी आणि किक मारावी. प्लगच्या भोकापासून तो लांब धरावा, तिथून पेट्रोलची वाफ बाहेर फेकली जाते आणि भडका उडू शकतो. निळा, टणक आवाजाचा करंट आला तर शोध पेट्रोलकडे वळवावा. पिवळा, मलूल आला किंवा आलाच नाही, तर चांगल्या प्लगने पुन्हा पाहावे. तरी नाही, तर कॅप काढून नुसत्या तारेचे टोक इंजिनापासून पाच-सहा मिमीवर धरावे, तार पक्कडीच्या रबरी मुठीत पकडून. तारेतून करंट उडतो आणि कॅपमधून नाही, तर दोष कॅपचा. पावसाळ्यात राजूर घाटात किंवा बोथ्याच्या जंगलातल्या रस्त्यावर बंद पडणाऱ्या गाड्यांत हा दोष अनेकदा सापडतो, आणि बदल्यात बिचारी कॉइल फेकली जाते.

यानंतरची पायरी पुष्कळजण विसरतात. इंजिन बंद करण्याच्या बटणाची तार सोडून पाहावी. ते बटण करंट बॉडीला मिळवून इंजिन बंद करते. हँडलजवळ तारेचे कव्हर घासले की बटण न दाबताच तेच काम होते. तार सोडताच करंट आला, तर एक पैशाचाही पार्ट लागत नाही.

आता पॉइंट. मॅग्नेटच्या खिडकीतून ते दिसतात. फट फिलर गेजने ०.४ मिमीच्या आसपास ठेवावी. पॉइंटची टाच झिजली की फट कमी होते, पॉइंट उशिरा उघडतो आणि गाडी चढावर दम टाकते. टाच झिजते कारण कॅमवर टेकणारी नमद्याची पट्टी कोरडी पडलेली असते. तिला तेलाचा एक थेंब पुरतो, दोन थेंब पॉइंटवर जातात. पॉइंट पुसूनही पुन्हा तेलकट होत असतील तर मॅग्नेटकडचे ऑइल सील गेले असे समजावे. पॉइंट वारंवार जळत असतील, त्यांच्यामध्ये मोठी ठिणगी उडत असेल, तर कंडेन्सर संशयित. किक उलटी मारते, सायलेन्सरमध्ये फटाके फुटतात, अशा वेळी मॅग्नेटची अर्धचंद्राकार चावी कापली गेली नाही ना हे पाहावे. नट ढिला राहिला की ती कापली जाते आणि सगळे टायमिंग सरकते.

सर्वांत फसवा दोष गरम झाल्यावरचा. दहा-बारा किलोमीटर गाडी छान चालते, घाट चढताना बंद पडते, वीस मिनिटांनी जणू काही झालेच नाही अशी सुरू होते. गॅरेजवर पोहोचेपर्यंत इंजिन थंड असते, करंट निळा येतो, आणि मिस्त्री म्हणतो, गाडी ठीक आहे. त्याचे चुकत नाही. ही तपासणी गाडी बंद पडली त्याच जागी, त्याच मिनिटाला, चालवणाऱ्यानेच केली पाहिजे. आधी टाकीचे झाकण उघडावे. त्याचे हवेचे छिद्र बुजल्यानेही गाडी अशीच बंद पडते, आणि झाकण उघडून थोड्या वेळात पेट्रोल उतरले की सुरू होते. तसे नसेल तर प्लग काढून करंट पाहावा. गरम असताना नाही आणि थंड झाल्यावर आहे, तर कॉइल किंवा कंडेन्सर. मॅग्नेटच्या प्लेटमधून निघणाऱ्या तारांवरही नजर टाकावी, उष्णतेने त्यांचे कव्हर कडक होऊन तडकते. एवढे मिस्त्रीला सांगितले तर त्याचा अर्धा दिवस वाचतो.

ही रीत कोणत्याही पेट्रोल गाडीला लागू पडते. आखातात गॅरेजवर काम करणाऱ्या आपल्या मुलांच्या हाताखाली एखादे वेळी माझदाची रोटरी इंजिनाची स्पोर्ट्स कार येऊ शकते. जर्मनीच्या फेलिक्स वांकेल यांच्या कल्पनेतून निघालेल्या या इंजिनात पिस्टन वरखाली होत नाही, तीन कोनांचा रोटर फिरतो. माझदाने १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट काढली, १९७८ मध्ये आरएक्स-७; आरएक्स-८ बनणे २०१२ मध्ये थांबले. आरएक्स-८ मध्ये दोन रोटर, प्रत्येकाला दोन प्लग, आणि चार प्लगांना चार स्वतंत्र कॉइल. एक कॉइल मेली तरी गाडी चालते, पण ताकद जाते, आणि न जळलेले पेट्रोल सायलेन्सरकडच्या महागड्या कन्व्हर्टरची वाट लावते. शहाणा कारागीर लगेच नवी कॉइल मागवत नाही, संशयित कॉइल दुसऱ्या प्लगवर बसवून पाहतो. दोष तिच्याबरोबर सरकला तर ती खराब. आमच्या टू-स्ट्रोकसारखेच हे इंजिनही वंगणासाठी थोडे तेल जाळते, त्यामुळे प्लग लवकर घाण होतात. थंड असताना सुरू करून लगेच बंद केले तर प्लग ओले होतात. मग ऍक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर फिरवतात, म्हणजे पेट्रोल थांबून नुसती हवा जाते. चेतकवाले पेट्रोलचा कॉक आणि चोक बंद करून, ऍक्सिलरेटर पिळून किका मारतात, ते हेच.

पैशाबाबत आमचे मत स्पष्ट आहे. मिस्त्रीने करंट तपासणीची मजुरी पार्टच्या किमतीत लपवू नये, बिलावर वेगळी लिहावी, आणि काढलेला जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा. गिऱ्हाइकानेही, पार्ट बदललाच नाही मग पैसे कशाचे, असे विचारू नये. बटणाची घासलेली तार दहा मिनिटांत शोधणाऱ्याला कॉइल विकणाऱ्यापेक्षा कमी मिळत असेल, तर तोही उद्यापासून कॉइलच विकेल.

बाजार करणाऱ्या भावांनी डिकीत एक तपासलेला प्लग, प्लगपाना, पक्कड, पॉलिश पेपरचा तुकडा आणि कोरडे फडके ठेवावे. फडके सुती असावे, टेरिकॉट तेल पुसत नाही.