ट्रक निघण्याआधी

१९९३ सालची अनंत चतुर्दशी २९ सप्टेंबरला होती. मराठवाड्यातल्या गावांनी गणपती बोळवले आणि माणसं उशिरा घरी येऊन झोपली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, आणि लातूर जिल्ह्यांच्या सीमेवर जमीन हादरली. धक्का ६.४ रिश्टरचा. जगाच्या हिशेबात तो फार मोठा नव्हता, पण त्याचं मूळ जमिनीखाली फार खोल नव्हतं आणि वरची घरं हादरे सोसणारी नव्हती. जाडजूड दगडी भिंती चिखलात रचलेल्या आणि वर उन्हाळ्यात गारवा देणारं मातीचं जड माळवद. भिंती फुटल्या आणि माळवदं निजलेल्यांच्या अंगावर आली. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, होळी, पेठसांगवी अशा गावांतली दहा हजारांच्या आसपास माणसं त्या पहाटे गेली.

मोठ्या शहरांत विसर्जनाची रात्र अजून सरली नव्हती. मोबाइल नव्हते, खेड्यांत फोनही मोजकेच. तरी सकाळ उलटेपर्यंत बातमी राज्यभर पोचली आणि महाराष्ट्र हलला. तरुण मंडळांनी डबे फिरवले, सोसायट्यांमध्ये चपात्या लाटल्या गेल्या, कपड्यांची गाठोडी बांधली गेली. ज्यांनी किल्लारीचं नाव त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं होतं, त्यांनाही काहीतरी केल्यावाचून राहवेना.

हे ‘काहीतरी’ नेमकं काय असावं, हा दूरच्या माणसापुढचा खरा प्रश्न. किल्लारीनंतरच्या तीस वर्षांत त्याची बरीच उत्तरं हाती आली आहेत. त्यांतली काही फार महागात पडून मिळाली.

ढिगाऱ्याखालून जिवंत निघणारी बहुतेक माणसं पहिल्या काही तासांत निघतात, आणि त्यांना काढतात ते शेजारीपाजारी, बहुतेकदा नुसत्या हातांनी. किल्लारी परिसरातही सुरुवात तशीच झाली. लष्कर आणि इतर पथकं त्यानंतरची. शेकडो किलोमीटरवरचा सामान्य माणूस या घाईच्या वेळी कितीही तळमळला तरी पोचू शकत नाही. पोचला तर अनेकदा अडचणच होते. भूकंपानंतर पाऊस लागला, कच्चे रस्ते चिखलाने भरले आणि त्याच अरुंद रस्त्यांवर मदतीच्या ट्रकांबरोबर बघ्यांच्या गाड्या आल्या. ‘किल्लारी पाहायला’ निघालेल्या लोकांमुळे वाहतूक तुंबली, रुग्णवाहिकांना वाट मिळेना. त्यांतले बरेच जण मनाने वाईट नव्हते. आपल्या डोळ्यांनी पाहावं, जमलं तर हात लावावा, असंच त्यांना वाटत होतं. पण संकटाच्या जागी जादा आलेलं प्रत्येक माणूस पाणी पितं, जेवतं आणि रस्ता अडवतं.

लांबच्या माणसाचं मन कशाने हलतं, याचा अभ्यास झालेला आहे. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि पॉल स्लोविक या संशोधकांनी २००७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका प्रश्नावलीचे पाच डॉलर हातात पडल्यावर लोकांना विचारलं गेलं, यातले किती दान कराल? काहींना आफ्रिकेतल्या लाखो भुकेल्यांचे आकडे दाखवले, काहींना माली देशातल्या सात वर्षांच्या एकाच मुलीचं छायाचित्र आणि तिची हकीकत. मुलीसाठी लोकांनी आकड्यांच्या दुपटीहून अधिक पैसे दिले. मुलीच्या हकीकतीला आकड्यांची जोड दिली तेव्हा मात्र दान पुन्हा घसरलं. किल्लारीच्या वेळीही ढिगाऱ्यातून कित्येक दिवसांनी एक तान्ही मुलगी जिवंत निघाल्याची बातमी घरोघरी पोचली आणि लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मृतांचा आकडा तोवर छापून आला होताच. त्याने माणसं सुन्न झाली होती. त्या मुलीच्या बातमीने ती रडली.

मन असं हलतं यात गैर काहीच नाही. त्यातूनच हात खिशाकडे जातो. अडचण पुढची आहे. छायाचित्र पाहून उठलेली लाट काही दिवसांत ओसरते आणि त्या काही दिवसांत जे सुचेल ते माणूस पाठवून मोकळा होतो. सर्वांत आधी सुचतात ते कपाटातले जुने कपडे.

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत नागपट्टिनमच्या किनाऱ्याकडे देशभरातून एवढे कपडे आले की त्यांचे ढीग रस्त्याकडेला टाकून द्यावे लागले. कोळ्यांना ते नको होते. कालपरवापर्यंत स्वतःच्या होडीवर, स्वतःच्या कमाईवर जगणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या अंगावरचे उतरलेले कपडे हातात घेताना काय वाटत असेल, हे गाठोडं बांधणाऱ्याच्या मनातही आलं नव्हतं. असा एक ढीग उपसायला घेतला की काय काय निघतं! उष्ण किनाऱ्यावर लोकरी कोट, गुंड्या तुटलेले सदरे, परकराविना साड्या, एकेकट्या चपला. मग हे सगळं निवडायला, मोजायला, ठेवायला माणसं आणि जागा लागते. नेमकी तीच त्या दिवसांत सर्वांत कमी असते. जन्मभर लुगडं नेसलेल्या किल्लारीच्या म्हातारीला शहरातून आलेला गाऊन काय कामाचा?

होड्यांचंही तेच झालं. त्सुनामीने श्रीलंका आणि इंडोनेशियाच्या किनाऱ्यांवरच्या हजारो होड्या फोडल्या, म्हणून जगभरातल्या संस्थांनी होड्या दिल्या. कित्येक ठिकाणी लहान होड्या गरजेपेक्षा जास्त झाल्या आणि काही तर समुद्रात नेण्याच्या लायकीच्याही नव्हत्या. होडी छायाचित्रात चांगली दिसते. जाळं, इंजिन, मासळी बाजारापर्यंत नेणारी गाडी आणि बर्फ यांच्यावर देणगीदाराचं नाव रंगवता येत नाही.

याच कपड्यांच्या प्रश्नावर अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये सुरू केलेल्या ‘गूंज’ने वेगळी वाट काढली. संस्था शहरांतून कपडे घेते, पण निवडून, धुऊन, दुरुस्त करून, कोणत्या भागात काय नेसतात हे पाहून त्यांचे संच बांधते. गावकरी विहीर, रस्ता किंवा बंधाऱ्याचं काम ठरवून पुरं करतात आणि त्याचा मोबदला म्हणून ते कपडे घेतात, भीक म्हणून नव्हे. जे सुती कापड अंगावर घालण्याजोगं उरत नाही, त्याच्या मासिक पाळीसाठी घड्या शिवल्या जातात. मॅगसेसे पुरस्काराने २०१५ मध्ये या कामाची दखल घेतली.

वस्तूंपेक्षा पैसा बरा, असं मदतकार्यातली माणसं वारंवार सांगतात, त्याचं कारण साधं आहे. पैशाला गोदाम लागत नाही, तो नासत नाही आणि गरज बदलली की त्याचा उपयोग बदलता येतो. पहिल्या आठवड्यात ताडपत्री, दुसऱ्यात औषध, तिसऱ्या महिन्यात बियाणं. शिवाय तो जवळच्या बाजारात खर्च झाला तर तिथल्या दुकानदाराचं शटर पुन्हा वर जातं. किल्लारीच्या वेळचं एक उदाहरण तर थेट केरळमधलं. ‘मलयाळ मनोरमा’ दैनिकाच्या वाचकांनी निधी जमवला आणि त्यातून लातूर जिल्ह्यातलं बाणेगाव नव्याने उभं राहिलं. स्थानिक साहित्यात, कमी खर्चात बांधणारे ख्यातनाम वास्तुरचनाकार लॉरी बेकर त्या कामात होते. कोट्टायमला वर्तमानपत्र उघडणाऱ्या माणसाने दिलेली छोटी रक्कम अशी बाणेगावात भिंत होऊन उभी राहिली.

पुढे दूरच्या माणसाच्या हाती आणखी एक साधन आलं. १२ जानेवारी २०१० रोजी हैतीत भूकंप झाला तेव्हा राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सचा धड नकाशाही इंटरनेटवर नव्हता. ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या खुल्या ऑनलाइन नकाशाच्या स्वयंसेवकांनी आपापल्या घरी बसून उपग्रहचित्रांवरून तो काढला. २५ एप्रिल २०१५ च्या नेपाळ भूकंपात हेच काम हजारो माणसांनी केलं. काम दिसायला किरकोळ. पडद्यावर डोंगरउतारावरचं एक छप्पर दिसतं, त्याच्या चार कोपऱ्यांवर चार टिचक्या मारायच्या आणि ‘इमारत’ अशी नोंद करायची. मग पुढचं छप्पर. मग पायवाट, नदी, हेलिकॉप्टर उतरेल एवढं मोकळं रान. दुसरा कुणीतरी ते तपासतो, चुकलं असेल तर दुरुस्त करतो. पलीकडे काठमांडूत ‘काठमांडू लिव्हिंग लॅब्ज’ची स्थानिक तरुण मंडळी हे सगळं जुळवत होती आणि मदत पथकं ते नकाशे घेऊन वाट शोधत होती.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये केरळ पुरात बुडालं तेव्हा आखातातले आणि अमेरिकेतले मल्याळी रात्रभर फोनला चिकटून होते. आई-वडील छतावर, फोनची बॅटरी संपत आलेली. तरुण अभियंत्यांनी सरकारच्या साथीने ‘केरळ रेस्क्यू’ नावाचं संकेतस्थळ उभं केलं. परदेशातला मुलगा त्यावर ठिकाण, अडकलेल्यांची संख्या आणि फोन नंबर लिही. अनोळखी स्वयंसेवक तो नंबर फिरवून खात्री करत, एकच विनंती दहा वेळा आली असेल तर ती एक करत आणि यादी नियंत्रण कक्षाकडे देत. पाण्यात होड्या घालणारे कोळी अर्थातच तिथलेच होते. दूरच्यांनी त्यांना कुठल्या घराकडे वळायचं ते सांगितलं.

इथवरची बहुतेक मदत पहिल्या काही आठवड्यांची. त्यानंतर वर्तमानपत्रांचा विषय बदलतो, आणि गावाचं खरं अवघड काम तिथून पुढे सुरू होतं.

किल्लारीनंतर पुण्याच्या शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातली सुमारे १,२०० मुलं पुण्यात आणली. ती मुलं शिकून पायावर उभी राहीपर्यंतची जबाबदारी घेतली आणि त्यातून वाघोलीचं शैक्षणिक पुनर्वसन केंद्र उभं राहिलं. ज्ञान प्रबोधिनी या संस्थेची माणसं धाराशिव जिल्ह्यातल्या हराळीत गेली ती परत आलीच नाहीत. तिथे निवासी शाळा झाली, शेतीचं शिक्षण सुरू झालं, आणि आज भूकंपानंतर जन्मलेली पिढी त्यात शिकून गेली आहे. ज्यांनी त्या वर्षी एखादी रक्कम दिली आणि पुढच्या वर्षी, त्याच्याही पुढच्या वर्षी आठवणीने पुन्हा दिली, अशा देणगीदारांवरच अशी कामं तगतात.

घरबांधणीची गोष्ट मात्र विचार करायला लावणारी आहे. सरकारने ५२ गावं नव्या जागी हलवली. जागतिक बँकेचं कर्ज आलं, अनेक संस्थांनी गावं दत्तक घेतली. घराचा आकार जमिनीच्या मालकीवर ठरला: भूमिहीन आणि अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मधल्या शेतकऱ्याला ४००, मोठ्याला ७५०. भिंती मजबूत झाल्या, हे मोठं काम झालं आणि त्याचं मोल कमी लेखता येणार नाही. पण पुष्कळ गावांची आखणी शहरी वसाहतीसारखी झाली. रुंद सरळ रस्ते, ओळीने उभी एकसारखी घरं. बैल कुठे बांधायचे, कडबा कुठे रचायचा, अवजारं कुठे ठेवायची, बायकांनी दुपारी धान्य निवडायला कुठे बसायचं? जुन्या गल्ल्या गेल्या तसा सोबतीचा शेजारही विस्कटला. मग लोकांनी हळूहळू पुढे पत्र्याची शेडं ठोकली, मागे गोठे काढले आणि घर आपलंसं करून घेतलं. घरवाल्यांना आधी विचारलं असतं तर यातलं बरंचसं पहिल्या आराखड्यातच आलं असतं.

म्हणून पुढच्या वेळी कुठे पूर किंवा भूकंप आला तर घरी बसलेल्या माणसाने काय करावं? वस्तू पाठवायच्या तर तिथल्या कुणीतरी मागितलेल्या, नव्या किंवा नव्यासारख्या, एका खोक्यात एकाच प्रकारच्या आणि बाहेर यादी चिकटवलेल्या असाव्यात. पैसे द्यायचे तर मुख्यमंत्री सहायता निधीला किंवा त्या भागात आधीपासून काम करणाऱ्या संस्थेला द्यावेत. फिरत आलेल्या क्यूआर कोडवर विसंबू नये. खातं संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जाऊन ताडावं, कारण एका अक्षराच्या फरकाने बनावट यूपीआय आयडी करणारे लोक अशाच दिवसांची वाट पाहत असतात. ठरवलेल्या रकमेतली निम्मी आत्ता द्यावी, निम्मी सहा महिन्यांनी. स्वतः जायचं असेल तर बोलावल्याशिवाय जाऊ नये, आणि जाताना आपलं अन्न, पाणी, अंथरूण घेऊन जावं. गवंडी, परिचारिका, सुतार, समुपदेशक, वीजतंत्री यांना बहुधा काही आठवड्यांनी बोलावणं येतंच.

विचारून केलेलं काम किती लांबवर जातं, हेही किल्लारीच्याच परिसरात दिसलं. कोसळलेल्या ५२ गावांखेरीज तडे गेलेली जवळपास दोन लाख घरं आसपासच्या जिल्ह्यांत होती. त्यांच्या दुरुस्तीच्या कामात ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभं केलं. या बायकांनी अनुदानाचे हप्ते समजून घेतले, भिंतीत आडवा दगड कुठे घालायचा आणि पट्टा कुठे बांधायचा हे शिकल्या, गवंड्याला जाब विचारला, ग्रामसभेत उभ्या राहून बोलल्या. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छ हादरलं, तेव्हा त्यांच्यातल्या काही जणी गुजरातेत गेल्या. कपडे घेऊन नव्हे. तिथल्या बायकांबरोबर बसून त्यांनी घरबांधणीत कुठे फसवणूक होते, कोणता कागद मागायचा, आपल्याला हवं तसं घर कसं मिळवायचं हे सांगितलं. पुढे त्सुनामी आली आणि कच्छच्या बायका तमिळनाडूच्या किनाऱ्यावर जाऊन हेच सांगू लागल्या.