समुद्राची बदलती चव

गावातला पाऊस पर्जन्यमापकाने मोजता येतो. पण भर समुद्रात पडणारा पाऊस कोण मोजणार? तो हिशेब मीठच ठेवते! बाष्पीभवन जास्त तेथे पाणी अधिक खारट होते, पाऊस जास्त तेथे खारटपणा उतरतो. १९५० ते २००० या काळातील मोजमापे पडताळली, तेव्हा खारट भाग आणखी खारट, तर अळणी भाग आणखी अळणी झालेले आढळले. म्हणजेच जलचक्र तीव्र झाले आहे. असे का? तापमान १ अंश सेल्सिअसने वाढले, की हवेची बाष्प सामावण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. हेच जादा बाष्प जमिनीवर मुसळधार कोसळते. आज जगभरच्या समुद्रांतील सुमारे ४,००० ‘आर्गो’ तरंगयंत्रे दर १० दिवसांनी २,००० मीटर खोल बुडी मारून खारटपणा नोंदवतात. उद्याच्या अतिवृष्टीचा अंदाज बांधताना या नोंदी मोलाच्या आहेत.