सळईवरचा ५०० आणि त्यापुढचा 'डी'

सळईची गाडी साइटवर रिकामी झाली की जाणता सुपरवायझर आधी मीटरभर तुकडा कापून काट्यावर ठेवतो. व्यासाचा वर्ग भागिले १६२, हे सूत्र तिथे फिटरलाही पाठ असतं. १२ मिलिमीटरच्या सळईचे १४४ भागिले १६२, म्हणजे मीटरला सुमारे ८८९ ग्रॅम. पोलादाची घनता घनमीटरला ७,८५० किलो धरून वर्तुळाचं क्षेत्रफळ मांडलं की हा १६२ आपोआप निघतो. या जाडीला पाच टक्के कमीजास्त मानकाला चालतं. त्याहून हलकी निघाली, तर तुम्ही १२ चे पैसे मोजून बारीक माल घेतलाय.

घनतेचं काम तिथेच संपतं. गिऱ्हाईक बघतं ते सळईवर उठवलेला आकडा: ४१५, ५००, ५५०. ५०० म्हणजे दर चौरस मिलिमीटरला ५०० न्यूटन ताण. १२ मिलिमीटरच्या सळईचा छेद ११३ चौरस मिलिमीटर. म्हणजे तिला पावणेसहा टनांच्या आसपास वजन टांगलं तरी ते काढल्यावर ती जवळपास मूळ लांबीवर येते. त्यापुढे ओढलं की आलेली लांबी कायमची.

विद्यार्थी हमखास अडखळतात ते इथे. ५५० ची सळई ४१५ पेक्षा ताठ असते का? अजिबात नाही. दोन्हींचा स्थितिस्थापकता गुणांक तोच, साधारण दोन लाख न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. सारख्या जाडीच्या दोन्ही सळयांना सारखं वजन लावा, दोन्ही सारख्याच लांबतील. ताठपणा ठरतो लोखंडाच्या अणूंमधल्या बंधांवरून, आणि ते बंध दोन्हीकडे तेच. बळ मात्र ठरतं अणूंचे थर एकमेकांवरून किती सहज घसरतात यावर. स्फटिकांच्या रचनेत जागोजागी चुकलेल्या ओळी असतात, घसरण त्यांच्या वाटेने होते. कार्बन मिसळून, झटक्यात थंड करून ही वाट अडवता येते. टीएमटीच्या कारखान्यात लालभडक सळईवर पाण्याचे जोरदार फवारे मारतात ते याचसाठी. बाहेरचं कवच कडक होतं, गाभा गरमच राहतो, आणि गाभ्याचीच उष्णता बाहेर येऊन कवचाचा ठिसूळपणा घालवते. जालन्यात हा उद्योग मोठा आहे. तिथल्या इंजिनिअरिंगच्या मुलांनी एकदा तरी रोलिंग मिल बघावीच.

पण घसरणीची वाट अडवावी तशी सहसा तन्यता, म्हणजे तुटण्याआधी लांबण्याची क्षमता, कमी होते. सळयांच्या आयएस १७८६ या मानकाप्रमाणे ५०० च्या सळईने तुटेपर्यंत किमान १२ टक्के लांबायला हवं, 'डी' लावलेल्या ५०० ने १६ टक्के. प्रयोगशाळेत १२ मिलिमीटरच्या सळईवर ६० मिलिमीटर अंतरावर दोन खुणा करून ती युटीएम या ताणचाचणीच्या यंत्रात ओढतात. एका जागी ती बारीक होत जाते, मग मोठा आवाज होऊन तुटते. तुकडे जुळवून मोजलं की 'डी' सळईच्या खुणांमधलं अंतर निदान ६९.६ मिलिमीटर भरलं पाहिजे. माझ्या मते ५०० पेक्षा हा लांबण्याचा आकडा जास्त मोलाचा.

कारण भूकंप. धक्क्याची ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, आणि ती जिरते तुळईतल्या सळया ताणल्या जाण्यात. तुळई वाकून तडकली तरी चालेल, खांब उभे राहिले पाहिजेत. म्हणून भूकंपरोधक रचनेचं मानक, आयएस १३९२० (२०१६), एक चमत्कारिक वाटणारी अट घालतं: सळई सांगितल्यापेक्षा फार बळकट असू नये. ५०० म्हणून आलेली सळई चाचणीत ६०० च्या वर गेली तर ती नापास. तुळई ठरल्या वेळी वाकली नाही, तर भार खांबांवर जातो. शिवाय तुटेपर्यंतचा कमाल ताण कायमची लांबण सुरू होण्याच्या ताणाच्या किमान १.१५ पट हवा, नाहीतर सगळी लांबण एकाच ठिकाणी होऊन सळई तिथेच तुटते.

दुकानदार हे सांगत नाही, पण गाडीबरोबर येणाऱ्या टेस्ट सर्टिफिकेटवर लांबण आणि दोन्ही ताण लिहिलेले असतात. भागाकार आपण करायचा. आणि ट्रकमध्ये मावाव्यात म्हणून दुमडलेल्या सळया पाइप घालून सरळ करताना बार बेंडरकडे लक्ष असू द्या. त्या वळणावर पोलादाची थोडी तन्यता आधीच खर्च झालेली असते, ती सरळ केल्याने परत येत नाही. तेवढा तुकडा रिंगांसाठी वापरण्यातही अर्थ नाही, तो कापून बाजूला टाकलेला बरा.