फणस : बियांचा कीं कलमांचा ?

कोंकणांत फणसाचें झाड नाहीं असें परडें विरळा. परंतु तें झाड मुद्दाम निवडून लाविलें आहे असें परडेंही तितकेंच विरळा. कोणी गरे खाऊन आठळी टाकावी, ती रुजावी, व पुढें तिला कापा लागला तरी नशीब, बरका लागला तरी नशीब, अशी आपली रीत. आम्हीं महसुली दप्तरांत पुष्कळ वर्षें झाडांच्या नोंदी लिहिल्या. ‘फणस, २’ एवढेंच लिहावयाचें. त्यांतील एकाचे गरे खुसखुशीत व गोड, दुसऱ्याचे पाणचट, हें कागद सांगत नाहीं. वांटणीच्या वेळीं मात्र भाऊबंद नेमके पहिल्याच झाडावरून भांडतात !

असें कां होतें ? फणसाच्या एकाच झाडावर नर व मादी फुलोरे निरनिराळे येतात, व पराग बहुधा परक्या झाडाचे मिळतात. म्हणून आठळीचें रोप आईच्या वळणावर जाईलच असें नाहीं. (हे नर फुलोरे काळे पडून गळले म्हणजे कित्येक बागाईतदार कुयऱ्या गळाल्या म्हणून घाबरतात. पराग दिल्यावर त्यांनीं गळावें हा निसर्गक्रमच होय.) शिवाय बियांच्या झाडास फळ धरण्यास सात-आठ वर्षें लागतात, गरा कसा आहे हें तोंवर कळत नाहीं. कलम मातृवृक्षाचाच गुण घेतें व चार-पांच वर्षांत फळूं लागतें. दापोलीच्या कृषि विद्यापीठानें ‘कोंकण प्रॉलिफिक’ ही कापा जात प्रसारित केली आहे. परंतु आपल्या गांवांतही उत्तम झाडें असतात, त्यांचीं कलमें बांधावीं.

त्याकरितां हंगामांत झाड पारखून ठेवावें. मृगापूर्वीं पिकणारें झाड पसंत करावें. पावसांत सांपडलेला फणस पाणचट होतो. बरक्याचा तिरस्कार करूं नये; सांदणें व साठें त्याच्याच रसाचीं. खुंटाकरितां आठळी ताजी असतांनाच पिशवींत पेरावी, वाळली म्हणजे ती उगवत नाहीं. सोटमूळ दुखावूं नये. कलमें सुमारें १० मीटर अंतरावर, निचऱ्याच्या जमिनींत लावावीं. मुळांशीं पाणी सांचलें कीं फणस मरतो. पहिले दोन उन्हाळे पाणी व सांवली द्यावी.

केरळ सरकारनें २०१८ सालीं फणसास राज्यफळाचा मान दिला. आपल्याकडे तो अद्याप पुष्कळ ठिकाणीं झाडाखालींच कुजतो. याहून मोठी हानि दुसरीच आहे. उत्तम झाडें बहुधा जुनीं असतात, आणि जुन्या फणसाच्या पिवळ्या, टिकाऊ लांकडास गिऱ्हाईक लौकर मिळतें. लांकडाचे पैसे एकदांच येतात. त्या गऱ्याचा गुण मात्र गांवांतून कायमचा जातो, कारण तोच गुण आठळींतून परत येण्याची खात्री नाहीं. सबब सुज्ञ शेतकऱ्यांस आमची सूचना अशी कीं, झाड विकणें अपरिहार्यच असेल तर कुऱ्हाड लावण्यापूर्वीं त्याच्या काड्या घेऊन निदान चार कलमें बांधून घ्यावीं. मग पुढील वांटणींत प्रत्येक भावास एकेक देतां येईल.