जोडलेल्या प्रणाली आणि आपले रुग्णपत्रक

मूत्रल औषध घेत असलेल्या हृद्रोग्यास अम्लपित्तासाठी यष्टिमधु अधिक मात्रेत दीर्घकाळ दिल्यास रक्तातील पोटॅशियम घटण्याचा व रक्तदाब वाढण्याचा संभव असतो. दोन्ही चिकित्सकांना परस्परांचे रुग्णपत्रक दिसत नसेल, तर हा धोका वेळीच लक्षात येणे कठीण. म्हणून रुग्णालय, प्रयोगशाळा, औषधालय व वैद्य यांच्या संगणकप्रणाली जोडणारी व्यवस्था कशी रचली आहे, हे आपणही समजून घेतले पाहिजे.

भारतात अशा व्यवस्थेची घोषणा १५ ऑगस्ट २०२० रोजी झाली. २७ सप्टेंबर २०२१ पासून ती ‘आयुष्मान भारत डिजिटल मिशन’ या नावाने देशभर लागू झाली. राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण ती राबविते. तिच्या रचनेचे वैशिष्ट्य असे की, सर्व रुग्णपत्रके एका मध्यवर्ती भांडारात साठविली जात नाहीत. नोंद जेथे निर्माण होते तेथेच राहते. मध्यभागी असते ती केवळ ओळख: रुग्णाचा १४ अंकी ‘आभा’ क्रमांक, चिकित्सकांची नोंदवही आणि चिकित्सालये, प्रयोगशाळा, औषधालये यांची नोंदवही. ‘आभा’ क्रमांक घेणे ऐच्छिक आहे. कोणती माहिती, कोणास, कोणत्या हेतूने व किती काळासाठी द्यावयाची, यास रुग्णाने संमती दिल्यावरच ती एका प्रणालीतून दुसरीकडे जाते. प्रणाली निरनिराळ्या कंपन्यांच्या असल्या तरी माहितीची मांडणी एकाच मानकानुसार करावी लागते.

परंतु नोंद पोहोचली म्हणजे अर्थ पोहोचला, असे नव्हे. ‘आमवात’ ही संज्ञा दुसऱ्या शास्त्राच्या चिकित्सकास कशी कळावी? यासाठी आयुष मंत्रालयाने २०१७ मध्ये ‘नमस्ते’ पोर्टलवर आपल्या व्याधिसंज्ञांना संकेतांक दिले. पुढे १० जानेवारी २०२४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ वर्गीकरणात आयुर्वेद, सिद्ध व युनानी यांच्या व्याधींचा विभाग प्रकाशित झाला. आपण पत्रकावर नुसते ‘सांधेदुखी’ लिहिले, तर या सोयीचा काहीच उपयोग नाही.

तेव्हा वैद्यांनी व्याधिनाम संकेतांकासह, तसेच कल्प, मात्रा, अनुपान व कालावधी स्पष्ट लिहावा. ‘चूर्ण, दोन वेळा’ एवढ्याने यष्टिमधु कोणासही दिसणार नाही. औषधविक्रेत्यांनी उत्पादकाचे नाव व बॅच क्रमांक नोंदवावा. रुग्णाच्या मोबाइलवरील संकेतांक घाईने विचारून संमती उरकू नये. ती कशासाठी आहे, हे त्यास आधी सांगावे. नोंद वाहून नेणे हे यंत्राचे काम. ती अर्थपूर्ण करणे मात्र आपल्याच हाती आहे.