शनिवारची पोटदुखी आणि मुलाचा ताबा

सात वर्षांच्या एका मुलाला घेऊन त्याची आई दोन महिने माझ्या दवाखान्यात येत होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) तक्रार एकच, पोट दुखते. जंताचे औषध झाले, लघवी तपासली, सोनोग्राफीही झाली. काही सापडले नाही. मग मी वार विचारला. दुखणे शनिवारी संध्याकाळी सुरू होई आणि सोमवारी शाळेत गेले की थांबे. आईवडिलांचा घटस्फोटाचा दावा चालू होता आणि रविवारी वडिलांनी मुलाला भेटावे असा न्यायालयाचा अंतरिम आदेश होता.

"डॉक्टर, मुलगा आजारी आहे, पाठवू नये, एवढे लिहून द्या," बाई म्हणाल्या. मी दिले नाही. त्या रागावून गेल्या.

मूल ढोंग करीत नव्हते. मनावर ताण आला की या वयात पोट खरोखरच दुखते. पण त्याच्याशी एकट्याने बोललो तेव्हा कळले, की भीती वडिलांची नव्हती. तिकडे गेले की "आई काय म्हणते?" आणि परत आले की "बाबांकडे कोण आले होते?" ही उलटतपासणी त्याला नको होती. मारहाण किंवा गैरवर्तनाची खूण दिसली असती तर मी ती नक्की नोंदवली असती. अशा वेळी वाट न पाहता वकिलामार्फत न्यायालयाला कळवावे. भेट दुसऱ्या कोणाच्या देखरेखीखाली ठेवता येते, थांबवताही येते.

संसार कोणामुळे मोडला आणि मूल कोणाकडे राहावे, हे न्यायालयापुढे दोन निराळे प्रश्न असतात. दुसऱ्या प्रश्नात मुलाचे हित सर्वांत वर, असे १९५६चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा सांगतो. पाच वर्षांखालील मूल साधारणपणे आईकडे असावे, असेही त्यात आहे. यातला 'साधारणपणे' हा शब्द लोक विसरतात. पाचवा वाढदिवस झाला म्हणून मूल आपोआप वडिलांकडे जात नाही. १८९०चा पालक व पाल्य कायदा तर सर्व धर्मीयांसाठी आहे. त्यानुसार मुलाचे वय, पालकाची वागणूक व कुवत, आणि मूल समजत्या वयाचे असेल तर त्याची इच्छाही पाहिली जाते. पुष्कळदा न्यायाधीश मुलाला आपल्या दालनात बोलावून बोलतात. (घरी पढवलेले उत्तर त्यांच्या लवकर लक्षात येत असावे, आम्हा डॉक्टरांच्याही येते!)

"मला नोकरी नाही, मग मूल मिळणार कसे?" असे आया विचारतात. केवळ पैशावर ताबा ठरत नाही. मुलाचा खर्च वडिलांकडून मागता येतो. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली दावा चालू असतानाही ताबा, खर्च व शिक्षण यांविषयी आदेश मिळतो, आणि परिस्थिती पालटली तर तो बदलून घेता येतो. ज्याच्याकडे ताबा नाही त्याला सहसा भेटीचा हक्क मिळतो : ठरलेले वार, दिवाळी, मेच्या सुट्टीतले काही दिवस. भेटीइतकाच फोन व व्हिडिओ कॉलवरचा संपर्कही महत्त्वाचा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये एका निकालात म्हटले आहे. खोट्या दाखल्याने भेट चुकवीत राहिले तर ते आपल्याच विरुद्ध जाऊ शकते.

महिन्याने त्या बाई पुन्हा आल्या. मी एवढेच सुचवले, की रविवारी रात्री मुलाला जेवू घालावे, झोपवावे, प्रश्न विचारू नयेत. आणि मुलाची ने-आण आजीच्या घरून व्हावी. दोन्ही वकिलांनी न्यायालयाची परवानगी घेऊन तसे ठरवले. त्यानंतरही दोन शनिवार पोट दुखलेच. तिसऱ्या शनिवारी दुखले नाही.

गेल्या आठवड्यात वडील प्रथमच दवाखान्यात आले. मुलाला दूध पचत नाही का, असे विचारत होते. रविवारी घरी बासुंदी करायची होती. मी म्हटले, खुशाल द्या.